सहा आकडे

मुलीला तिसऱ्यांदा दिवस गेले, त्या वर्षीची ही गोष्ट. आधीची दोन पाचव्या महिन्यातच गेली होती. आता आठवा लागला होता. डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं: जिना चढायचा नाही, वजन उचलायचं नाही, आणि मनाला धक्का बसेल असं काही हिच्या कानावर घालायचं नाही.

त्या रविवारी नवऱ्यानं तिला वडिलांकडे आणून सोडलं. वडील प्लंबर होते. मुलगी सोफ्यावर पाय वर घेऊन बसली. मांडीवर उशी, उशीवर लॅपटॉप.

“दर वर्षी त्या टॅक्सवाल्या बाईंना कशाला पैसे मोजता, बाबा? रिटर्न भरायला आता सॉफ्टवेअर आहे. दहा मिनिटांचं काम.”

“बाईंची सवय झालीय.”

“सवय मोडा. पडून पडून अंग आंबलंय माझं, काहीतरी करू द्या मला.” तिनं वडिलांचा नंबर टाकला. “आता तुमच्या मोबाइलवर सहा आकडे येतील, ते वाचून दाखवा. बाकी तुम्ही काही सांगायचं नाही, तेच तुम्हाला सांगतं. बँक, विमा, इस्पितळ, सगळ्यांनी आधीच कळवलेलं असतं. माझं भरलं ना, तर माझी गेल्या वर्षीची इस्पितळाची बिलं एकाखाली एक आली. तारखांसकट.”

एवढं बोलून तिनं मांडीवरची उशी सारखी केली.

प्लंबरच्या हातातला मोबाइल थरथरला. सहा आकडे आले होते.

गेल्या वर्षी त्यानं घशाला अठ्ठावीस वेळा किरणांचा शेक घेतला होता. मुलीला सांगितलं, बाहेरगावी मोठं काम लागलंय. आवाज बसला तेव्हा सर्दी म्हणाला, कपडे सैल झाले तेव्हा दात काढलेत म्हणाला. शेकाचा काही उपयोग झाला नाही, हे त्याला महिन्यापूर्वी कळलं. तिला बाळंतपणानंतर सांगायचं, एवढंच त्यानं ठरवलं होतं.

“आले का?”

“नाही.”

“वाजला की मोबाइल.”

“जाहिरात होती.”

“मग पुन्हा मागवते.”

मोबाइल पुन्हा थरथरला. प्लंबर आकड्यांकडे बघत राहिला. कोरड्या दिसणाऱ्या भिंतीला तळहात टेकवून आत कुठं पाणी मुरतंय ते सांगणारा माणूस, पण त्याला काही सुचेना.

“द्या इकडे, मीच बघते,” म्हणत तिनं सोफ्याच्या हातावर जोर दिला आणि उठायला लागली.

“उठू नकोस!” तो ओरडला. बसलेला आवाज फाटला. “मी बाईंकडेच जाणार आहे. सांगून ठेवतो.”

मुलगी परत मागे टेकली. मग हसली. “फारच गोड लागतो वाटतं त्या बाईंच्या हातचा चहा!”

थट्टाच होती ती. प्लंबरला तेवढी फट पुरली.

“हो,” तो म्हणाला. “लागतो.”

तिचं हसू विरलं. “बाबा, आईला जाऊन दोन वर्षं नाही झाली.”

“ठाऊक आहे मला.”

“म्हणून दात काढून घेतले. म्हणून बारीक झालात. आणि ते बाहेरगावचं काम!” ती एकेक जुळवत गेली, आणि सगळं जुळलं. “मला काय दूधखुळी समजलात?”

“तूच ओळखलंस, बरं झालं,” प्लंबर म्हणाला. रागावली तर रागावू दे, असं त्यानं मनाशी म्हटलं. रडण्यापेक्षा ते बरं.

तिनं लॅपटॉप मिटला आणि नवऱ्याला फोन केला. तो येईपर्यंत ती दाराकडे तोंड करून बसली. निघताना प्लंबरनं तिची पिशवी उचलली.

“ठेवा ती खाली. माझा नवरा उचलेल.”

सोमवारी प्लंबर लॉन्ड्रीवरच्या खोलीत टॅक्सवाल्या बाईंसमोर बसला. बाई त्याच्याहून सात-आठ वर्षांनी थोरल्या. चष्मा दोऱ्यानं गळ्यात अडकवलेला.

“सॉफ्टवेअरनं फुकटात झालं असतं तुमचं,” त्या म्हणाल्या.

“त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही, बाई.”

त्याच्या पाकिटातून इस्पितळाच्या पावत्या निघाल्या. दहा-बारा पावत्यांनंतर बाईंनी चष्मा काढला.

“मुलीला सांगितलंत?”

“सुखरूप मोकळी होऊ दे आधी. तिला तारीख दिलीय जूनची एकवीस.”

“आणि तुम्हाला?”

“मला कुणी तारीख दिलेली नाही.”

बाईंनी पुन्हा चष्मा चढवला आणि उरलेल्या पावत्या बघितल्या. मग फॉर्म पुढे ओढला. “तुमच्यावर अवलंबून असलेलं कोणी? विचारावं लागतं.”

“कोणी नाही.”

त्यांनी लिहिलं. मग प्लंबरनं आदल्या दिवशी झालेलं सांगितलं. म्हणाला, “माझ्या नादात तुमचं नाव गोवलं गेलं. पोरगी कधी वाटेत भेटून काही बोललीच, तर ऐकून घ्या.”

“माझ्यावर असला आळ, आणि या वयात!” बाई म्हणाल्या. मग बोटानं जागा दाखवली. “इथं सही करा.”

मुलीनं दोन महिने फोन केला नाही. अठरा जूनला केला. तो कुणी उचलला नाही.

“अजून रागातच आहेत,” ती नवऱ्याला म्हणाली.

नवरा तिच्यासाठी पाणी ओतत होता. “उद्या कर,” तो म्हणाला.

एकवीस तारखेला तिला मुलगी झाली. बाळ रडलं, अंगावर प्यायलं. बावीस तारखेला नवऱ्यानं तिला सांगितलं, की तिचे वडील सतरा जूनला सकाळी वारले.