आठव्या दिवशी या

स्वतःच्या पाठीवरचा तीळ काढून तपासणीला गेला आणि लॅबच्या काउंटरवर अठरा वर्षं बसणाऱ्या बाईंनी आठवडाभराची रजा टाकली. एरवी येणाऱ्या प्रत्येकाला त्या थंडपणे सांगत, "आठव्या दिवशी या. काळजी करून रिपोर्ट लवकर येत नाही." तयार रिपोर्ट वरच्या फटीतून कुलूपबंद पेटीत टाकायचे आणि आठव्या दिवसाआधी कुणालाही द्यायचे नाहीत, म्हणजे लोकांना घाईची सवय लागत नाही, हा शोधही त्यांचाच.

मन रमवायला त्यांनी घरातली सगळी कपाटं आवरली. "काही निघणार नाही गं," म्हणणाऱ्या नवऱ्याला "तू कधीपासून डॉक्टर?" विचारून गप्प केलं. चौथ्या दिवशी मात्र राहवेना, त्यांनी लॅबला फोन लावला.

"आठव्या दिवशी या," त्यांच्या जागी बसलेली सहकारी म्हणाली.

"अगं, मी बोलतेय!"

"आवाज ओळखला, ताई. पण ओळखीच्यांना तर मुळीच सांगायचं नाही, असं तुम्हीच बजावलंय. बरं, एक विचारायचं होतं, ती आपली..."

बाईंनी फोन आपटला आणि बंदच करून टाकला.

आठव्या दिवशी त्या लॅबमध्ये पोचल्या, तर बाकावर बसायला जागा नव्हती. सात-आठ जण चेहरे पाडून ताटकळत होते.

"काय निघालं?" बाईंनी काउंटरवर वाकून सहकारीला विचारलं.

"साधा तीळ, ताई. रिपोर्ट तिसऱ्याच दिवशी पेटीत टाकलाय."

बाईंचा जीव भांड्यात पडला. "मग दे की काढून! आणि ही गर्दी कसली?"



"पेटीची किल्ली आठ दिवस तुमच्या पर्समध्ये आहे, ताई."