मुरमाच्या शर्यतीची फी

मुरमाड रस्त्यावरच्या सायकल शर्यतीची फी यंदा वाढली, हे बंकटच्या तोंडून ऐकताच सुभद्राबाईनं पदर खोचला. मागल्या साली तिनंच आयोजकांना तलवाड्याच्या भर चौकात धारेवर धरून फी निम्मी करून घेतली होती. "ऊस तोडायला मुकादम आधी उचल देतो, आन् तुमी घाम गाळायचे वर पैसे मागता व्हय रे?" असं तिनं ठणकावलं, तवा त्यांना तोंड लपवायला जागा उरली नव्हती. त्याच शर्यतीत तिचा लेक अजिनाथ उतारावर घसरला. ट्रॅक्टरमधून दवाखान्यात नेईस्तोवर सगळं संपलं होतं.

"आता कावून वाढवली?"

"अँब्युलन्स ठेवणार हायेत म्हणं, मावशी."

"आता सुचलं व्हय मुडद्यांना? मागल्या साली कुठं मेली होती ती गाडी? थांब, त्यांनाच जाऊन विचारते."

ती चपला पायात सरकवू लागली. अजिनाथचा हा जिवाभावाचा दोस्त दारातून हलेना.

"नगं मावशी, नका विचारू."

"सरक बाजूला. बोल, कावून नगं?"

बंकटची मान खाली गेली. "मागल्या साली बी गाडी ठरली होती. फी निम्मी झाली, तवा त्यांनी ती नगं म्हणून कळवलं."