समोरून दिसणारा दिवा

धाकटीने मेन बंद केला आणि पेचकस घेऊन दाराजवळच्या बोर्डावर तुटून पडली.

“अगं, चांगला चालतोय टायमर,” भाऊ म्हणाला. “त्याचा काय दोष?”

“त्याचा नाहीच. तुझा आहे. मध्ये येऊ नकोस, पेचकस आहे हातात.”

आई कॉटवर बसून होती. पायाला प्लॅस्टर, शेजारी वॉकर. हॉस्पिटलातून आजच आणलं होतं तिला.

या घरात ती एकटी राहते. अंधार पडायला लागला की दारावरचा दिवा लावायची. मग गल्लीपलीकडची काकू आपला लावायची. तीही एकटीच. दोघींनी हे कधी ठरवलं नव्हतं, कधी त्यावर बोलल्याही नव्हत्या. पण एकीचा दिवा लागला नाही की दुसरी चपला घालून बघायला यायची.

मग भाऊ सुट्टीला आला. सारखं उठून आईचे गुडघे दुखतात म्हणून त्याने बटण काढलं आणि तिथे टायमर बसवला. दिवा आपोआप लागणार, आपोआप विझणार. सगळ्या नातेवाइकांना फोटो पाठवले.

मागच्या आठवड्यात आई दुपारी बाथरूममध्ये पडली. संध्याकाळी दिवा लागला. रात्री विझला. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा लागला. ओरडून ओरडून तोवर आईचा आवाज गेला होता. आई फोन उचलेना म्हणून धाकटीने काकूला फोन केला, तर काकू म्हणाली, “अगं, बरी आहे ती. दिवा लागलाय की!” धाकटीने हट्टाने तिला बघायला पाठवलं, तेव्हा कळलं.

“तुमच्या दिव्याचं मला कुणी सांगितलं होतं का?” भावाचा आवाज चढला. “मला काय स्वप्न पडणार होतं? गुडघ्यांसाठी केलं मी!”

“गुडघ्यांची एवढी काळजी होती तर येत राहायचंस. डबडं कशाला बसवलंस?”

“तू तरी कुठे आलीस?”

पेचकस थांबला.

“नाही आले,” ती म्हणाली. “पण मी आल्याचं सोंग भिंतीत बसवून नाही गेले.”

तिने टायमर ओढून बाहेर काढला. बारक्या पडद्यावरचे आकडे अजून चालूच होते. तिने तो भावाच्या हातात कोंबला.

“आणि तू गं?” ती आईकडे वळली. “तू का मिठाची गुळणी धरून बसलीस?”

“एवढ्या हौसेने बसवलं त्याने,” आई म्हणाली. घसा अजून बसलेलाच होता. “सगळी सुट्टी त्यात घालवली. काय सांगणार?”

“मग काकूला तरी सांगायचंस!”

“काय सांगू तिला? माझा मुलगा मला दिवा लावू देत नाही?”

भावाने मान खाली घातली. टायमर या हातातून त्या हातात केला.

“जुनं बटण कुठंय?” धाकटीने विचारलं.

“शिवणाच्या डब्यात.”

“ते तर मी फेकायला सांगितलं होतं,” भाऊ पुटपुटला.

धाकटीने बटण बसवलं, जास्तीची वायर दुमडून टेप गुंडाळली, स्क्रू करकचून आवळले आणि मेन चालू केला. आत पंखा फिरायला लागला. बाहेर अंधारत आलं होतं.

“आपण कॅमेरा बसवू,” भाऊ म्हणाला. “म्हणजे मोबाइलवर...”

धाकटीने नुसतं बघितलं.

आईने वॉकर पुढे घेतला. दातओठ खात उठली. एक पाऊल. वॉकर टक्कन आपटला. दुसरं पाऊल. कपाळावर घाम आला. भावाला बघवेना. त्याने बटणाकडे हात नेला.

“थांब आई, मी लावतो.”

“हात लावू नकोस!”

आई एवढ्या जोरात ओरडली, की तिला ठसका लागला. भावाचा हात तिथेच अडकला. मग हळूच मागे गेला.

ठसका थांबेपर्यंत ती वॉकर धरून उभी राहिली. दोघं दोन बाजूंना भिंतीला चिकटून तिला वाट देत होती. वॉकर पुन्हा टक्कन आपटला.

समोर काकूचं दार सताड उघडं होतं. तिच्याही दारावर अंधार. एका पायात चप्पल घातलेली, दुसरी हातात धरून ती इकडेच बघत उभी होती.