पाण्याची नळी

यंत्रमानव पुन्हा अडकला. दोरीने ओढून बाहेर काढला तेव्हा त्याचा हात वाकला होता.

खाणीत दरड कोसळून आत दोघं कामगार अडकले होते. ढिगाऱ्यातून आत उतरणारी एकच फट होती, मांजर जाईल एवढी. कालपर्यंत आतून दगडावर ठोकल्याचा आवाज यायचा. सकाळपासून तोही बंद होता.

यंत्रमानव बनवणारी इंजिनिअर त्याला मांडीवर घेऊन जमिनीवरच बसली. बोटांचा हात, दोन दिवे, बोलायला स्पीकर, फिरत्या मानेवर कॅमेरा. एकेक भाग जोडताना तिला वाटलं होतं, असू दे, कधीतरी उपयोगी पडेल. तिने स्क्रू ड्रायव्हर मागितला. हात काढला, दिवे काढले, स्पीकर काढला. मानेपाशी मात्र ती थबकली.

आत अडकलेल्या एकाची बायको बाजूलाच उभी होती.

"वहिनी," इंजिनिअर म्हणाली, "कॅमेरा काढला तर हा त्या वळणातून जाईल. पण मग आतलं काहीच दिसणार नाही. ते दोघं..." 

"पाणी पोचेल?"

"पोचावं."

"मग काढा की, ताई. तोंड काय, बाहेर आल्यावर बघेन."

मान उतरली. उरला एक चपटा डबा, त्याखाली दोन फिरते पट्टे आणि मागे बांधलेली पाण्याची नळी. नळीच्या टोकाला बंद तोटी, कुणी उघडली तरच पाणी सुटणार. पुढे सरकणं, एवढंच आता त्याला येत होतं.

तो फटीत शिरला. नळीचं वेटोळं सुटत गेलं, वळणापाशी अडलं, परत सुटू लागलं. मग थांबलं ते थांबलंच. पोचला की अडकला, कुणाला कळेना.

नळीचं हे टोक उंच दगडावर ठेवलेल्या कॅनमध्ये सोडलं होतं. सगळे त्या कॅनकडे बघत राहिले. पाणी जिथल्या तिथे होतं.

मग ते बोटभर खाली गेलं.

इंजिनिअरने तोंडावर हात दाबून धरला. पाणी उतरत राहिलं. थांबलं. आणि पुन्हा उतरू लागलं.

"आता दुसरा पितोय," बायको म्हणाली आणि मटकन खाली बसली.