मागावरून पडते तशी

तिसऱ्या चंबूतही चिंधी तशीच तरंगत होती.

क्षितिजाने काचेच्या सळईने ती पुन्हा ढवळून पाहिली. दोन तास शेगडीवर ठेवूनही सूत जसंच्या तसं. उद्या सकाळी अकरा वाजता मुंबईहून विद्यापीठाचे तिघे परीक्षक येणार होते आणि त्यांच्या डोळ्यांदेखत तिला हाच प्रयोग करून दाखवायचा होता.

नऊ वर्षं ती या एका द्रवाच्या मागे लागली होती. तसं पाहिलं तर ते मीठच, पण पातळ. तापवलं तरी उडून न जाणारं, वास नसलेलं. जगात कुणी त्याच्या बॅटऱ्या करत होतं, कुणी सांडपाण्यातला रंग वेगळा करत होतं. क्षितिजाने त्यात कापूस विरघळवला होता. भिवंडीच्या मागांखाली रोज पडणारी सुती चिंधी त्यात साखरेसारखी विरघळायची, आणि ते मिश्रण बारीक धारेने पाण्यात सोडलं की त्याच कापसाचा नवा धागा निघायचा. २००५ साली तिचा लेख छापून आला. कॉलेजने मागची खोली प्रयोगशाळेसाठी दिली. पेपरात फोटो आला तेव्हा दिघाशी गावातल्या नातेवाइकांनी तो कापून भिंतीला चिकटवला.

मग परदेशातल्या एका प्रयोगशाळेतून ई-मेल आला. आम्ही पाच वेळा करून पाहिलं, विरघळत नाही. तुम्ही चिंधी आधी कशात उकळता का? क्षितिजाने ठणकावून कळवलं, कशातही नाही, मागावरून पडते तशीच वापरतो. लेखातही तिने हेच लिहिलं होतं आणि त्याच्या खालच्या ओळीत, ‘चिंधी : स्थानिक पुरवठादार’. पुढे आणखी दोघांची तीच तक्रार आली. आकडे घरी बसून रचले असावेत, अशी कुजबुज विद्यापीठात सुरू झाली. उद्या जमलं नाही तर लेख मागे घ्यावा लागणार, ही खोली जाणार, आणि खोटारडी हा शिक्का जन्मभर पुसला जाणार नव्हता.

कुणाला संशयाला जागा नको म्हणून या वेळी तिने लडकूशेठच्या मागांच्या कारखान्यातून सीलबंद गोणी थेट मागवली होती. एरवी चिंधी तिची आई, ठमाबाई, आणायची. ती त्याच कारखान्यात कांड्या भरायची, म्हणजे मागाच्या धोट्यात बसणाऱ्या कांड्यांवर सूत गुंडाळायची. दर महिन्याला एक पिशवी न चुकता क्षितिजाच्या टेबलावर यायची. चिंधीला हात लावायचा नाही, पडते तशी भरायची, असं क्षितिजाने तिला पहिल्याच दिवशी बजावून ठेवलं होतं.

बाहेर मागांचा खडखडाट चालला होता. तेवढ्यात शिफ्ट संपवून ठमाबाई दारात आली. एका हातात डबा, दुसऱ्या हातात पिशवी.

“अजून जेवली न्हाईस ना?”

क्षितिजाने पिशवी घेतली, त्यातली मूठभर चिंधी चौथ्या चंबूत टाकली आणि शेगडीपाशी उभी राहिली. अर्ध्या तासात चंबूत सुताचा मागमूस उरला नाही.

आता खरं तर तिने नाचायला हवं होतं. पण तिच्या अंगावर काटा आला. फक्त आपल्याच घरच्या पिशवीतली चिंधी विरघळते! उद्या हे पाहून कोण तिला लबाड म्हणणार नाही?

तिने दोन्ही चिंध्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. गोणीतली पिवळट, चिकट, मागाच्या तेलाचा वास मारणारी. पिशवीतली तांदळासारखी पांढरी. आई निवडून स्वच्छ तेवढीच आणते, असं ती इतकी वर्षं धरून चालली होती.

“आई, हिला काय केलंस?”

“काय न्हाय.”

“खरं सांग. उद्या माझं सगळं जाईल गं.”

ठमाबाईचा चेहरा उतरला. तिने डबा खाली ठेवला. बोटं पदरात गुंडाळत, चोरी पकडल्यासारखी ती हळूच बोलली, “चुलीतल्या राखंच्या पान्यात शिजवून देते. पयल्यापासून. मंग चार पान्यांत खळबळते नि वाळवते. तू नको म्हनलीस, पन मला न्हाय बघवलं. तेलानं बरबटलेली चिंधी तू शिकल्यासवरल्या लोकांम्होरं ठेवनार. ते म्हनतील, बगा, हिची आय कारखान्यात कांड्या भरते. मला त्याची भीती वाटायची गो. माज्यामुलं बिघडलं का समदं?”

क्षितिजा स्टुलावर बसली. राखेतल्या क्षाराने सुतावरचं मेण, विणण्याआधी लावलेली खळ आणि तेल निघून जायचं. कापूस मोकळा व्हायचा. एवढ्या शिकलेल्या डोक्याला नऊ वर्षांत ही एवढी गोष्ट सुचली नव्हती. तिला हसूही आलं आणि रडूही.

“राख आहे का घरी?”

“हाय की.”

“ही गोणीतली आज शिजव. किती राख, किती पाणी, किती वेळ, सगळं मला लिहून घ्यायचंय. आणि उद्या अकराला इथे ये, त्यांच्यासमोर पुन्हा शिजवायचीय.”

“मी? नि त्यांनी इचारलं, ही कोन, तर?”

क्षितिजाने आपला लेख पुढे ओढला. त्यात दुरुस्त करण्यासारखं पुष्कळ होतं. पेन उघडून तिने सगळ्यात आधी ‘स्थानिक पुरवठादार’ हे दोन शब्द खोडले.