शुक्रवारची सुट्टी

ऑफिसनं शम्सापुढे दोन पर्याय ठेवले.
पर्याय एक: शुक्रवारी ऑफिस बंद.
पर्याय दोन: रोज घरूनच काम.

"शुक्रवार मोकळा घे गं, जरा आराम कर," शम्साचा नवरा हारिब उदार होऊन म्हणाला. शारजातल्या त्यांच्या घरी दर शुक्रवारी नमाजानंतर त्याचे चारही भाऊ बायकापोरांसह जेवायला टपकत. आता मटण-भाताचं मचबूस रांधायला हक्काचं माणूस मिळणार होतं.

सासूबाईंनी लेकावर कडी केली. "त्यापेक्षा रोज घरूनच कर. कीबोर्डवर बोटंच तर चालवायची. मधूनमधून भात बघशील."

शम्सा तडक मॅनेजरबाईंकडे गेली. "बाई, मला दोन्ही नको. शुक्रवारीही ऑफिसला येऊ द्या."



"आधी दार लोट," बाई म्हणाल्या. "ऑफिसची किल्ली माझ्याकडे आहे. शुक्रवारी तुझ्यासारख्याच आम्ही ऑफिसातल्या पाचजणी इथंच बसणार आहोत. जेवण बाहेरून मागवू."