पिवळं कातडं

नीलमनं पुन्हा ते गाडी पुसायचं पिवळं कातडं सासूच्या पांढऱ्या लुगड्याला खेटून वाळत घातलं होतं. सांगून सांगून दुर्गाबाईची जीभ झिजली, पण सून ऐकेल तर शपथ. दुर्गाबाईनं काठीच्या टोकानं ते उचललं आणि कुंपणाच्या तारेवर, भर उन्हात फेकलं.

"आई, उनात कडक होते ते," बादली भरता भरता नीलम म्हणाली. "फडक्यानं पुसलं का काचेवर डाग राहते. कातड्यानं नाही राहत."

"माह्या घरात कातडं चालत नाही म्हंजे नाही."

ते खरंच होतं. छप्पन साली दुर्गाबाई आईच्या कडेवर होती, कौंडण्यपूरजवळच्या गावात. तिचा बाप जानराव नागपुराहून दीक्षा घेऊन आला आणि मेलेली ढोरं सोलायची सुरी त्यानं वर्धेच्या पाण्यात फेकली. मग पाटलाचा बैल मेला. बोलावणं आलं. जानराव दारातूनच म्हणाला, "तुमचं ढोर तुमी ओढा." गावानं सहा महिने हाताला काम दिलं नाही. दुर्गाबाईच्या पायात आजवर चामड्याची वहाण आली नाही. रबरी चप्पल, बस. आणि सुगत, तिचा लेक, वारल्यावर सुनेनं राजापेठेतल्या अंगणात गाड्या धुवायचं काढलं, तेही हे कातडं घेऊन.

आज दुर्गाबाईनं थैली भरली होती. आता अकोल्याला, लेकीकडे. ऑटोवाल्याला फोन झाला होता. ती दारातून फाटकाशी जाई, फाटकातून दाराशी. थैली या हातातून त्या हातात.

अंगणात ठेकेदाराची गाडी उभी होती. त्याच्या पाचही गाड्या इथंच धुतल्या जात. घर त्यावरच चाललं होतं. नीलमनं तारेवरचं कातडं आणलं, पाण्यात चोळून चोळून मऊ केलं, टप पुसला, काचा पुसल्या. ठेकेदारानं फोनवर बोलता बोलताच एक पाय उचलून बादलीच्या काठावर ठेवला.

"बुटावर बी मार एक हात."

नीलमचा हात थांबला. फाटकाशी दुर्गाबाईची चप्पलही थांबली.

नीलमनं कातडं पिळलं. नीट झटकलं.

"गाडी झाली, साहेब. बूट तुमचे तुमी पुसा."

"पाच गाड्या हायेत माह्या. समजून बोल, बाई."

"समजूनच बोलली."

तो गाडी काढून गेला. परत येणार नाही, हे तिघांनाही कळलं होतं. मागोमाग ऑटो आला, हॉर्न देऊ लागला. नीलमनं सासूकडे पाहिलंच नाही. टोमणा आता येईल, मग येईल, अशी मान खाली घालून ती कातडं घेऊन कुंपणाच्या तारेकडे निघाली.

दुर्गाबाईनं थैली खाली ठेवली.

"तिकडं काहून नेऊन राहिली? पापड होईन त्याचा. आण इकडं, माह्या लुगड्यापाशी टाक. सावली इथंच हाय."